बेल होईपर्यंत

लग्नाआधी दोन-तीन वर्षं मी दौंडला एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते. वडील रेल्वेत होते आणि आमच्या क्वार्टरपासून दुकान चालत जाण्यासारखं होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं असायची. दुकानाचे मालक कमी बोलणारे, सारखे डोळ्यांत औषधाचे थेंब घालणारे गृहस्थ होते. आम्ही मुली त्यांना सर म्हणायचो. माझा टायपिंगचा हात वेगात चालायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ बरं होतं, त्यामुळं पुण्याहून एखाद्या पुस्तकाचं काम आलं की ते माझ्याकडं यायचं.

मग लग्न होऊन मी न्हावऱ्याला आले. गावात नाही, गावाबाहेर वस्तीवर. घरात सासू-सासरे आणि आम्ही दोघं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, सासऱ्यांना मामा. त्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आत्यासुद्धा लग्नानंतरची काही वर्षं घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणापर्यंत चालत गेल्या होत्या. पुढं मेंढरं विकली, कालव्याच्या चारीचं पाणी आलं, ऊस आणि कांदा लागला, गोठ्यात गाई आल्या. माझे मिस्टर सणसवाडीला एका कंपनीत शिफ्टनं जायचे, मोटरसायकलवर. आमची मुलगी चालायला-बोलायला लागेपर्यंत मी कीबोर्डला हात लावला नव्हता.

एक दिवस सरांचा फोन आला. पुण्याच्या एका प्रकाशनानं शाळेच्या गाइडांचं मोठं काम दिलं होतं आणि दुकानातल्या मुलींना ते उरकत नव्हतं. "घरी बसून करशील का?" त्यांनी विचारलं. दुकानात कंप्युटरची नवी मशिनं आली होती. जुन्यांतलं एक ते मला देणार होते, त्याचे पैसे कामातून हळूहळू वळते करायचे. मिस्टर म्हणाले, "बघ बाई, जमत असंल तर." आत्यांनी एवढंच विचारलं, "लई जागा लागंल का त्याला?"

मशीन आणायला आम्ही चौफुल्यावरून दौंडला गेलो आणि येताना जीप केली. निघताना सरांनी ते चालू करून दाखवलं. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला जी मेनूची पट्टी असते, तिच्यात उजव्या बाजूला एक बारकं गोल चिन्ह होतं. ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय, सर?"

"घड्याळ आहे. एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यात मिळालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी माझ्यासाठी टाकलं होतं." त्यांनी त्यावर क्लिक केलं. गोल लाल झालं आणि शेजारी पंचवीसपासून आकडे उतरायला लागले. "पंचवीस मिनिटं काम, मधे दुसरं काही नाही. बेल झाली की पाच मिनिटं उठायचं. डोळे मिटायचे, पाणी प्यायचं. परत बसायचं."

मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

घरात बसून काम करणं म्हणजे काय, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मशीन मधल्या खोलीत होतं. तिथूनच स्वयंपाकघरात जायचं, तिथूनच ओसरीवर यायचं. मी बसले की हाका सुरू. "सूनबाई, पाणी आण गं." "अगं, कालवड सुटली बघ." शेजारची विरजण मागायला यायची आणि विरजण घेऊन पडद्याकडं बघत उभी राहायची. मिस्टर रात्रपाळी करून झोपलेले असले तर बरं, पण उठले की "माझा टॉवेल कुठाय?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांच्या लेखी मी बसलेली होते. बसलेल्या माणसाला उठवायला कसली अडचण?

त्यात लोडशेडिंग. एक आठवडा सकाळी लाइट नाही, एक आठवडा दुपारी नाही. लाइट असेल तेवढ्यात काम उरकायचं आणि त्या तेवढ्यात निम्मा वेळ उठबस. व्हायचं ते झालं. गणिताच्या गाइडात एका प्रकरणाची उत्तरं दुसऱ्याच प्रकरणाखाली गेली. प्रूफ तपासणाऱ्यानं ते पकडलं म्हणून बरं.

सरांचा फोन आला. रागावले नाहीत, पण आवाज वेगळा होता. "तुझ्याकडून असं यायचं नाही गं. पुण्याचे लोक म्हणतायत, दुसरं कुणी बघा. मी म्हटलं, एकदा बोलतो." मग म्हणाले, "ते घड्याळ लावतेस का?"

"नाही, सर."

"लावून बघ."

दुसऱ्या दिवशी मी ते लावलं. मुलगी ओसरीवर खेळत होती, आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी वरच्या गोलावर क्लिक केलं आणि ठरवलं की बेल होईपर्यंत उठायचं नाही. आकडे अजून निम्म्यावरही आले नव्हते तोवर आत्यांनी हाक दिली, "अगं, जरा हिकडं ये."

मी जागेवरूनच म्हणाले, "आत्या, बेल व्हायचीय अजून. झाली की येते."

मग त्या दारात आल्या. हातात सूप. "कसली बेल?"

मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. आकडा उतरत होता. त्या वाकून बघत राहिल्या. त्यांना आकडे वाचता यायचे, एसटीच्या पाट्या आणि पैसे यांच्यापुरते.

"आन् मधीच उठलं तर?"

"काम बिघडतं, आत्या. मागच्या वेळी बिघडलं ना, म्हणून सरांचा फोन आला."

त्यांनी मान हलवली आणि सूप घेऊन बाहेर गेल्या. बेल झाली तेव्हा त्या आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "झाली का? आता ये." मी गेले. त्यांना फक्त डबा काढून हवा होता, वरच्या फळीवरचा.

त्या दिवसापासून आत्यांनी हे प्रकरण आपल्या अंगावर घेतलं. मी सांगितलेलं त्यांनी दुधासारखं धरलं असावं. दूध तापत असताना बाई हलत नाही, हललं तर उतू जातं, इतकं साधं. काही निवडायचं-सोलायचं असलं की त्या मधल्या खोलीच्या उंबऱ्यालगत बसायच्या आणि कुणी आलं की हात वर करायच्या. "थांब जरा. बेल न्हाई झाली अजून." विरजणवाली शेजारीण हळू आवाजात विचारायची, "कवा हुईल?" आत्या मला विचारायच्या नाहीत, मान वळवून पडद्याकडं बघायच्या आणि अंदाजानं सांगायच्या, "हुईल आता. बस."

पाच मिनिटांच्या सुट्टीत डोळे मिटणं वगैरे मला कधी जमलं नाही. बेल झाली की साठलेली कामं अंगावर यायची. पाणी, चहा, गाईची वैरण, मुलीची वेणी. पण ती पाच मिनिटं संपली की मी परत बसू शकत होते, आणि बसले की खरोखर बसत होते. गाइडाचं पुढचं प्रकरण स्वच्छ गेलं. सर फोनवर म्हणाले, "बरंय." सरांच्या तोंडून ते पुष्कळ होतं.

मामांना हे पटलेलं नव्हतं. एकदा दुपारी ते रानातून आले, त्यांना पाणी हवं होतं. आत्या गोठ्यात होत्या आणि माझी बेल झालेली नव्हती. मुलगीच तांब्या घेऊन गेली, निम्मं पाणी सांडत. संध्याकाळी ते आत्यांना म्हणाले, मला ऐकू येईल अशा बेतानं, "घरात माणूस मोठं का ते डबडं मोठं?"

"डबडं न्हाई ते," आत्या म्हणाल्या. "पुण्याचं काम हाय."

पुण्याचं काम या शब्दाला आमच्या वस्तीवर वजन होतं.

खरा खटका उडाला तो नणंद आली तेव्हा. तिला तळेगाव ढमढेऱ्याला दिलेलं होतं, भाजीपाला करणाऱ्या मोठ्या घरात. दीर, जावा, गडीमाणसं. माहेरी यायला तिला क्वचित मिळायचं आणि यायची ती न कळवता. तशीच एका दुपारी ती जीपमधून उतरली आणि पिशवी घेऊन दारात आली. आत्या आणि मामा रानात कांदा काढणीवर होते. मी पडद्यासमोर. मागं वळून म्हणाले, "या ना ताई, बसा. दोनच मिनिटं, बेल झाली की आलेच." आणि परत ओळीत डोळे घातले, कारण एक लांबलचक कोष्टक अर्धं भरून झालं होतं.

ती बसली नाही. उभीच राहिली. बेल झाल्यावर मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती ओसरीच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पाण्याला हात लावला नाही.

"वैनी, माझ्या सासरी मी दिवसभर लोकांना पाणी देते," ती म्हणाली. "हितं तरी कुणीतरी उठंल असं वाटलं हुतं."

मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." संध्याकाळी जेवली, पण मुक्कामाला राहिली नाही. मिस्टरांनी तिला मोटरसायकलवर सोडलं. परत आल्यावर ते माझ्याशी बोलले ते एवढंच, "उठली असतीस तर काय झालं असतं? बहीण हाय माझी."

मला राग आला. नणंदेचा नाही, तिचं मला पटलं होतं. राग कुणाचा ते नीट सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ लावणं बंद केलं. कुणी हाक मारली की उठायचे. पुन्हा कामात चुका यायला लागल्या, त्या मी दोनदा वाचून काढायचे आणि त्यात लाइट जायची.

आत्यांच्या लक्षात आलं. दोन-चार दिवसांनी त्या भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "घड्याळ बंद पाडलंस व्हय?"

"हो."

"का गं?"

"लोकांना वाईट वाटतं, आत्या."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगली. मग म्हणाल्या, "लाव ते. वाईट वाटंल तर वाटंल, मी बघते." आणि भाकरी टोपलीत टाकताना, माझ्याकडं न बघता, "आन् मला बी एक लाव."

मला समजलं नाही. "तुम्हाला? कसलं काम आहे?"

"कसलं न्हाई. दुपारचं एक लाव. जेवणं झाल्यावर."

जेवणं झाली. मामा ओसरीवर टेकले होते. आत्यांनी मधल्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या मागं, चटई टाकली आणि आडव्या झाल्या. भिंतीकडं तोंड, डोक्यावर पदर. म्हणाल्या, "लाव." मी क्लिक केलं. माझंही काम सुरू झालं.

थोड्या वेळानं ओसरीवरून हाक आली, "अगं ए, चहा टाक."

माझे हात थांबले. रोज अशा वेळी आत्या उठायच्या, त्या नसल्या तर मी. मागं बघितलं. आत्या हलल्या नव्हत्या, पण पाठ ताठ झालेली दिसत होती. दुसरी हाक आली, जरा मोठी. मग मामांच्या वहाणांचा आवाज आला आणि ते दारात येऊन उभे राहिले. बायको चटईवर, सून पडद्यासमोर.

"काय झालंय काय दोघींना? बरं न्हाई का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बेल नाही झाली, आबा."

"कुणाची?"

"आज्जीची."

मामा उभे राहिले. पदराखालून काही उत्तर येतंय का याची वाट बघत असावेत. मग ते स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. गॅसचा लायटर बराच वेळ खटखटत राहिला. शेवटी पेटला. थोड्या वेळानं दूध करपल्याचा वास खोलीत आला आणि आत्या एका कोपरावर उठल्या. मी पट्टीत बघितलं, अजून मिनिटं शिल्लक होती. त्यांनीही बघितलं. ओठ आवळून त्या परत आडव्या झाल्या.

बेल झाल्यावर त्या आत गेल्या. शेगडीवर दूध वाळलेलं, साखर ओट्यावर सांडलेली. मामा चहाचा पेला घेऊन केव्हाच ओसरीवर गेले होते. आमच्यासाठी ठेवला नव्हता. आत्यांनी शेगडी पुसून काढली.

मी हळूच विचारलं, "आत्या, झोप लागली होती का?"

"न्हाई. नुसती पडले व्हते."

"मग?"

"कुणी हाक मारायची न्हाई, येवढंच." फडकं पिळून त्यांनी खिळ्याला लावलं. "मेंढरामागं व्हतो तवा सकाळ झाल्यापास्नं हाका. माणसं हाक मारायची, कुत्री भुंकायची, कोकरू वरडायचं, कडंवरचं लेकरू रडायचं. वाटायचं, एकदा घर झालं म्हंजी बसायला मिळंल. घर झालं. आता गाई हाक मारत्यात."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पाऊस कमी झाला म्हणावं तसं म्हटलं आणि गोठ्यात गेल्या.

त्यानंतर दुपारची बेल रोजची झाली. मामा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चहाची पूड कितीशी टाकायची असती?" मी सांगितलं. दूध उतू जाणं थांबायला आणखी वेळ लागला. आपल्या चहाबरोबर आमचा चहा करायला त्याहून वेळ लागला, पण तेही झालं. तो फार गोड असायचा, आम्ही प्यायचो. मिस्टरांना सुट्टीच्या दिवशी टॉवेल आपोआप सापडायला लागला. ते हसून म्हणायचे, "कंपनीत पण बेल, घरात पण बेल." मीही हसायचे. आमच्यातला त्या दिवसाचा अबोला असाच, कुणी काही न म्हणता, विरून गेला.

काही दिवसांनी आत्यांना चटई नको झाली. त्यांनी मला स्पीकरचा आवाज मोठा करायला सांगितला आणि मुलीला घेऊन बाहेर गेल्या. मी बेल वाजवून दाखवायची आणि त्या लांब लांब जाऊन ऐकायच्या. गोठ्यापाशी ऐकू येत होती, कडब्याच्या गंजीपाशी येत होती, बोरीच्या झाडापाशी जेमतेम. त्यांनी बोरीखाली एक सपाट दगड सरकवून घेतला. उन्हं तापायची नाहीत अशा दिवसांत त्या तिथं जाऊन बसायच्या, चारीच्या पाण्याकडं तोंड करून. हातात काही नसायचं. शेजारणी सुरुवातीला विचारायच्या, "काय राखत बसलाय, आत्याबाई?" त्या म्हणायच्या, "बसलेय." मग विचारणं बंद झालं. विरजणवाली एक-दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसली, पण तिला गप्प बसवेना, म्हणून आत्यांनीच तिला माघारी पाठवलं.

एकदा असं झालं की आत्या बोरीखाली गेल्या आणि मी घड्याळ लावलं, आणि थोड्याच वेळात लाइट गेली. वेळेआधीच गेली त्या दिवशी. मशीन बंद, घड्याळ बंद. किती काम वाचलं आणि किती गेलं याच्या चिंतेत मी होते. मग मुलीला झोपवता झोपवता माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा गोठ्यात बादलीचा आवाज येत होता. धारा काढायची वेळ झाली होती आणि मामा एकटेच बसले होते.

"तुझी सासू कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी धावत बोरीकडं गेले. आत्या दगडावर होत्या. पाय लांब सोडलेले, पदर डोक्यावरून खाली आलेला. पलीकडच्या उसावर उतरतं ऊन होतं.

"बेल झाली का?" त्यांनी विचारलं.

"लाइट गेली आत्या. कधीचीच."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या.

वाटलंच, तरी त्या उठल्या नव्हत्या. मी हात दिला, त्या गुडघ्यावर जोर देऊन उभ्या राहिल्या आणि आम्ही गोठ्याकडं आलो. मामांनी धार उरकत आणली होती. त्यांनी वर बघितलं. आत्यांनी दुसऱ्या गाईखाली बादली घेतली.

दिवाळीला नणंद आली. मला धाकधूक होती. त्या दिवशी मी मशीन लावलंच नव्हतं. ती आली तशी मी पाणी घेऊन दारात गेले, तिनं घेतलं आणि दोघीही जरा लाजलो. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आत्यांनी तिला मधल्या खोलीत नेलं. चटई टाकली. म्हणाल्या, "पड हितं."

"मला कुठं झोप येतीय दुपारची," नणंद म्हणाली. "वैनीला भांडी घासू लागते."

"पड म्हणलं ना. बेल होईपर्यंत कुणी बोलवणार न्हाई तुला." आणि मला, "लाव गं."

मी लावलं. आकडे अजून निम्म्यावरही उतरले नव्हते तोवर मागून घोरण्याचा आवाज यायला लागला. बेल होणार तेवढ्यात आत्यांनी मला खूण केली आणि मी आवाज बंद केला. आकडे शून्यावर आले, पुढची पाच मिनिटं आली आणि गेली. ती दिवेलागणीपर्यंत झोपली. उठली तेव्हा चटईचे वळ गालावर उमटले होते आणि क्षणभर आपण कुठं आहोत ते तिला कळेना.

"मला उठवलं का न्हाई?" ती घाईघाईनं केस बांधत म्हणाली.

"का? कुणाला पाणी द्यायचं हुतं का?" आत्या म्हणाल्या.

नणंद हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आत्या तिच्याजवळ बसल्या. मी आत जाऊन दिवा लावला आणि दोघींना चहा टाकला.

जायच्या दिवशी जीपची वाट बघताना ती मला म्हणाली, "वैनी, ते घड्याळ कुठं मिळतं?"

"त्याला कंप्युटर लागतो, ताई."

"मग ऱ्हाऊ दे." जीप आली, तिनं मुलीचा पापा घेतला आणि बसली.

गाइडांचं काम मी तीन-चार वर्षं केलं. पहिल्या पानामागं बारीक अक्षरात अक्षरजुळणी म्हणून दौंडच्या दुकानाचं नाव यायचं. ते बरोबरच होतं, आणि मी ते पान मुलीला दाखवायचे. मग ते मशीन म्हातारं झालं. पडदा हिरवट व्हायला लागला, एक दिवस चालू झालाच नाही. त्याच सुमाराला मुलीच्या शाळेसाठी शिरूरला खोली घ्यायचं ठरलं. मिस्टरांची शिफ्ट बदलली, मी शिरूरला एका गाळ्यात स्वतःचं दुकान सुरू केलं. झेरॉक्स, दाखल्यांचे अर्ज, लग्नपत्रिका. नव्या मशीनवर मी तसलं घड्याळ शोधून टाकलं, पण दुकानात ते चालेना. गिऱ्हाईक काउंटरवर हात आपटतं, त्याला बेल सांगून काय उपयोग? शेवटी मी काढून टाकलं.

वस्तीवरून निघताना मला आत्यांची काळजी वाटली होती. त्यांना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? तू पोरीकडं बघ." उन्हाळ्यात दोन दिवस सवड काढून मी एकटीच न्हावऱ्याला गेले. एसटीतून उतरून वस्तीवर पोचले तर दुपार कलत होती. मामा ओसरीवर कांदा निवडत बसले होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत जाऊ नगंस," ते हळू म्हणाले. "दुपारची पडलीय ती. पाणी देतो तुला."

त्यांनी उठून माठातलं पाणी आणून दिलं. सासऱ्यांच्या हातून पाणी घ्यायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं झालं, पण घेतलं. मग पिशवी भिंतीला टेकवून मीही कांदा निवडायला बसले. त्यांनी विचारलं, शिरूरला पाणी रोज येतं का. मी म्हटलं, एक दिवसाआड येतं. मुलगी कितवीत गेली ते त्यांनी विचारलं, खरं तर त्यांना ठाऊक होतं. सड लागलेला कांदा एकीकडं, जोड कांदा एकीकडं, चांगला पाटीत. असं बरंच निवडून झालं, तेव्हा आत बांगड्यांचा आवाज झाला आणि आत्या दारात आल्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, तू कवा आलीस? किती वाळलीस." आणि दोन दिवसांनी मी निघाले तेव्हा मला उचलणार नाही एवढा कांदा त्यांनी पिशवीत भरून दिला.